इतिहासाच्या पानावरची नावे

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव २३ सप्टेंबर २०२२ रोजी रेल्वेने जोडले गेले. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ते न्यू आष्टी या लोहमार्गावर त्या दिवशी गाडी सुरू झाली आणि वाटेतले एक स्थानक कड्याच्या वाट्याला आले. ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. ती कोणीही, कोणालाही न विचारता लिहू शकतो, कारण प्रताधिकार, म्हणजे निर्मात्याला आपल्या कृतीवर कायद्याने मिळालेला हक्क, वस्तुस्थितीवर नसतो. ती ज्या शब्दांत आणि ज्या क्रमाने मांडली गेली, त्या मांडणीवर असतो. त्यामुळे याच वस्तुस्थितीवर कोणी चांगल्या मराठीत चार वाक्ये लिहिली, तर ती चार वाक्ये त्याची होतात, आणि ती दुसरीकडे उचलून नेताना त्याचे नाव सोबत न्यावे लागते. सामूहिक ज्ञानकोशात हे नाव न्यायचे कसे, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अनेक हातांनी लिहिला जातो, आणि त्यातील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेल्या ‘अ‍ॅट्रिब्युशन-शेअरअलाइक’ या परवान्याखाली, २०२३पासून त्याच्या ४.० या आवृत्तीखाली, सर्वांना खुला असतो. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ श्रेयनिर्देश, म्हणजे मूळ लेखक, मूळ ठिकाण, परवाना आणि केलेले बदल यांची नोंद; दुसऱ्याचा अर्थ असा की, त्या मजकुरावरून जे नवे तयार होईल तेही त्याच अटींवर इतरांना खुले ठेवले पाहिजे. मुक्त म्हणजे बेवारस, असा जो सर्रास समज आढळतो तो येथे टिकत नाही. लेखकाने हक्क सोडलेला नसतो, तर वापराची परवानगी अटी घालून आगाऊ देऊन ठेवलेली असते, आणि अट मोडली की परवानगीही संपते; ४.० आवृत्तीत मात्र एवढी सवलत आहे की, चूक कळल्यापासून ३० दिवसांच्या आत ती दुरुस्त केल्यास परवानगी आपोआप पुन्हा लागू होते. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५७ तर त्याही पुढे जाऊन, हक्क विकून टाकल्यानंतरही आपण या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे ठेवते.

सर्वांत अधिक गोंधळ संदर्भ आणि श्रेय या दोन गोष्टींत होतो. कड्यावरील लेखात २०११च्या जनगणनेतील लोकसंख्या दिली, तर तो आकडा कोठून घेतला हे तळटीपेत सांगणे म्हणजे संदर्भ होय. त्यामुळे वाचकाला आकडा पडताळून पाहता येतो. श्रेयाचे काम वेगळे आहे, कारण ते वाक्ये कोणाची आहेत हे सांगते. दुसऱ्याचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून शेवटी तळटीप जोडली, तर वाचकाची समजूत अशी होते की माहिती त्या ग्रंथातली असून भाषा संपादकाची आहे, आणि नेमके हेच खोटे असते. शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पवह्यांनी शेवटी एक संदर्भसूची जोडली की सगळे माफ, अशी जी सवय लावली आहे, तिचा उगम बहुधा या गोंधळातच सापडेल.

विकिपीडियावरील लेखाखाली लेखकाचे नाव नसते. ते ‘इतिहास’ या पानावर असते, जेथे प्रत्येक बदल कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता केला हे ओळीने नोंदलेले असते. ही व्यवस्था एका पानापुरती निर्दोष आहे, पण मजकूर पान ओलांडतो तेव्हा साखळी तुटते. समजा, ‘आष्टी तालुका’ या लेखातील बाजारपेठेविषयीचा परिच्छेद एखाद्या संपादकाने ‘कडा’ या लेखात आणला. नव्या पानाच्या इतिहासात त्या परिच्छेदापुढे फक्त आणणाऱ्याचे नाव उमटते, आणि ज्याने तो लिहिला तो नाहीसा होतो. उपाय एका ओळीचा आहे: बदल जतन करताना सारांशाच्या चौकटीत ‘हा परिच्छेद आष्टी तालुका या लेखातून घेतला, लेखकांची नावे त्या लेखाच्या इतिहासात’ असे दुव्यासह लिहायचे. अनुवादालाही हाच नियम आहे. इंग्रजी विकिपीडियावरील लेख मराठीत आणणारा कितीही कष्ट घेवो, अनुवाद ही मूळ कृतीवर आधारलेली कृती असल्याने मूळ लेखाचा दुवा आणि जमल्यास त्याच्या नेमक्या आवृत्तीची तारीख सारांशात द्यावी लागते. पानावर इतर भाषांचे दुवे दिसतात तेवढ्याने ही अट पुरी होत नाही.

मराठीला हा शिरस्ता परका नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हे वर्ष, टीका करणाऱ्याचे नाव आणि ती उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव अशी तिन्हींची नोंद आहे. पुढे हातोहाती नकला होताना पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथी शुद्ध केली आणि शेवटी स्वतःच्या ओव्या जोडून काय केले, कधी केले ते सांगितले, शिवाय यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. ताकीद सोडली, तर ही नोंद म्हणजे आजच्या बदलाच्या सारांशाचीच पूर्वज म्हणता येईल. विकिपीडियाला मात्र आपली ओवी घालणारेच हवे असतात.

बाहेरचा मजकूर आणताना पहिला प्रश्न परवान्याचा असतो. गोवा विद्यापीठाने आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या याच श्रेयनिर्देशाच्या आणि समान अटींच्या परवान्याखाली खुले केले, त्यामुळे त्यातील नोंद विश्वकोशाच्या नावानिशी ज्ञानकोशात घेता येते. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७मध्ये वारले, म्हणून महाराष्ट्रीय ज्ञानकोशातील त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्काची मुदत कधीच संपली आहे; तेथे परवाना लागत नाही, तरी ज्ञानकोशाची शिस्त नाव मागते. केंद्र सरकारच्या खुल्या आकडेवारीसाठी २०१७मध्ये अधिसूचित झालेला परवानाही स्रोताचा उल्लेख सक्तीचा करतो. याउलट ‘व्यापारी वापर नको’ किंवा ‘बदल नकोत’ अशी अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना विकिपीडियाच्या मजकुराला चालत नाही, आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येते एवढ्यावरून तर काहीच सिद्ध होत नाही.

छायाचित्रांच्या बाबतीत हेळसांड अधिक दिसते. कडा स्थानकाचे एखादे मुक्त परवान्याचे छायाचित्र लेखात असेल, तर त्यावर टिचकी मारताच छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना समोर येतो. पण तेच छायाचित्र स्मरणिकेत किंवा फ्लेक्सवर छापले की टिचकी मारायची सोय उरत नाही. मग खाली ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ असे येते, जे ‘दूध सौजन्य : किटली’ म्हणण्याइतकेच उपयुक्त आहे. त्या जागी चित्राचे शीर्षक, छायाचित्रकाराने निवडलेले नाव (ते टोपणनाव असले तरी तेच), विकिमीडिया कॉमन्स हे ठिकाण, परवान्याचे नाव व आवृत्ती, आणि ‘बाजू छाटल्या’ एवढे लिहिले की एका ओळीत काम भागते.

श्रेयाची ही काळजी सर्वांत स्पष्ट दिसते ती विलीनीकरणात. एकाच गावावर दोन सदस्यांनी नकळत दोन लेख लिहिले, एक ‘कडा’ या नावाने आणि दुसरा ‘कडा (आष्टी)’ या नावाने, तर दुसऱ्यातील मजकूर पहिल्यात घेतला जातो आणि दुसरे पान निरुपयोगी झाल्यासारखे वाटते. ते वगळले जात नाही. त्याचे पुनर्निर्देशन केले जाते, म्हणजे तेथे येणारा वाचक थेट पहिल्या लेखावर पोचतो आणि मधले पान त्याला दिसतही नाही. पण त्या पानाचा इतिहास उघडला, तर आता दुसरीकडे नांदणारी वाक्ये मुळात कोणी आणि कोणत्या दिवशी लिहिली, ते तेथे ओळीने लिहिलेले असते.