राखीव इंजिन गंजते ते आतून

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाणी अंगावर सांडायलाच हवे असे मात्र नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली, की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो आणि गंज वेग धरतो. समुद्रकाठी त्यात मिठाची भर. ७५ टक्के आर्द्रतेच्या पुढे मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते. म्हणून मच्छीमार बोटीवरून उतरवलेले इंजिन आधी गोड्या पाण्याने धुवायचे, समुद्राचे पाणी खेळणारे थंडाव्याचे मार्गही त्याच पाण्याने साफ करायचे आणि सगळे पूर्ण वाळल्यावरच पुढच्या कामाला लागायचे.

बाहेरचा गंज दिसतो आणि तारेच्या ब्रशने निघतोही. खरे नुकसान सिलिंडरमध्ये होते. चार सिलिंडरच्या इंजिनाचा क्रँक कुठेही थांबवा, एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून बाहेरची दमट हवा आत शिरते. रात्रीत गार झालेला ब्लॉक सकाळी हवेइतका लवकर तापत नाही, त्यामुळे लायनरवर दव धरते. ते रिंगांच्या फटीत साचते, रिंगा लायनरला धरतात आणि इंजिन जाम होते.

वापरलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि ज्वलनातून आलेली आम्ले असतात. ते बेअरिंगांवर तसेच राहू देणे वाईट. जुने ऑइल काढून साठवणीचे गंजरोधक ऑइल भरतात आणि इंजिन थोडा वेळ चालवून ते सगळीकडे पोहोचवतात. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच ऑइल थोडेसे फवारायचे आणि क्रँक हाताने दोन-तीन फेरे फिरवायचा. नोझल बसवलेले असताना आत जास्त ऑइल राहिले, तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यानंतर इंजिन फिरवू नये. ‘अधूनमधून हाताने फिरवा’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण रिंगा त्या फेऱ्यांत लायनरवरचा ऑइलचा थरच पुसून काढतात. दहा मिनिटे चालवून बंद करणे त्याहून वाईट. एक लिटर डिझेल जळाले, की जवळपास लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले नाही, तर तिचा काही भाग सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहतो.

उरते तोंडे बंद करणे. हवा आत येण्याचा मार्ग, धूर जाण्याचा मार्ग, ब्रीदर, डिपस्टिकचे भोक, सगळ्यांवर गॅस्केट लावून पत्रा किंवा घट्ट बूच बसवावे. चिंध्या कोंबू नयेत; त्या ओल धरतात आणि ती लोखंडाला चिकटवून ठेवतात. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. विमानांच्या इंजिनात स्पार्क प्लगच्या जागी जेल भरलेले पारदर्शक प्लग बसवतात; निळे दाणे गुलाबी झाले, की बदलायची वेळ आली हे बाहेरूनच कळते. बाहेरच्या उघड्या लोखंडावर घट्ट ग्रीस लावून इंजिन जमिनीपासून वर, लाकडी चौकटीवर ठेवावे, कारण सिमेंटच्या जमिनीतून ओल वर येते. प्लॅस्टिक गुंडाळायचेच असेल, तर आत जेल ठेवून पूर्ण हवाबंद करावे. अर्धवट झाकलेल्या प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून राहते.

कोणती तोंडे बंद केली आणि आत किती पुड्या आहेत, याची चिठ्ठी स्टार्टरलाच बांधावी. इंजिन पुन्हा कामाला लावताना बुचे आणि पुड्या मोजून काढायच्या, साठवणीचे ऑइल बदलायचे आणि स्टार्टर मारण्याआधी नोझल काढून क्रँक हाताने फिरतो का ते पाहायचे.