एका ऑर्गनवरून पडलेला फोर्क : लीड्स, १८२७

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी शंभर वेळा "म्हणजे बघा" म्हणालो होतो, त्यातले बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.

आजची गोष्ट इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली. तिथे ब्रन्सविक चॅपल नावाचं एक मेथडिस्ट प्रार्थनागृह होतं. १८२७ साली तिथे पाईप ऑर्गन बसला आणि त्यावरून शहरातले हजाराच्या आसपास लोक आपला पंथ सोडून गेले. ऑर्गन बेसूर होता म्हणून नाही. तो बसवायची परवानगी कोणी दिली, यावरून.

आधी वाद्य समजून घेऊ. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं, बालगंधर्वांच्या मागे वाजणारा तो पायाने भाता मारायचा ऑर्गन. तो आपल्या पेटीचा मोठा भाऊ. त्यात हवा पितळी रीडवरून जाते आणि रीड थरथरते. पाईप ऑर्गनचं तसं नाही. तिथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते. आठ फूट लांबीची, वरून उघडी नळी साधारण ६५ हर्ट्झचा खर्जातला स्वर देते. लांबी निम्मी करा, स्वर एक सप्तक वर जातो. बासरीचंच गणित, फक्त इथे बोटांनी भोकं उघडण्याऐवजी प्रत्येक स्वराची बासरीच वेगळी. एका आवाजाच्या नळ्यांचा एक पूर्ण संच म्हणजे एक स्टॉप. असे वीस-तीस स्टॉप असले की नळ्या हजाराच्या पुढे जातात. तुम्ही पट्टी दाबली की लाकडी काड्यांची एक साखळी ओढली जाते, नळीखालची झडप उघडते आणि हवा आत शिरते. शुद्ध मेकॅनिकल. १८२७ मध्ये वीज कुठली, त्यामुळे वाजवणारा समोर दिसायचा आणि भाता मारणारा माणूस मागे घाम गाळत असायचा.

आता महत्त्वाचं. पियानोचा स्वर वाजला की विरत जातो. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली आहे तोवर तसाच टिकतो. दोन हजार माणसं वाद्याशिवाय गायला लागली की पुढच्या आणि मागच्या रांगांचा ताल सुटतो आणि प्रत्येक कडव्याला सूर थोडा थोडा खाली घसरतो. शाळेची प्रार्थना आठवा! ऑर्गन हा प्रश्न सोडवतो. पण मग गाण्याची लय दोन हजार माणसांच्या हातात राहत नाही, एकाच माणसाच्या हातात जाते.

मेथडिस्टांना हे एवढं का झोंबावं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. जॉन आणि चार्ल्स वेस्ली या दोन भावांनी अठराव्या शतकात ही चळवळ उभी केली. जॉन मैदानात उभा राहून कामगारांपुढे बोलायचा आणि चार्ल्सने सहा हजारांवर भजनं लिहिली. हो, सहा हजार. लोक धर्म शिकले ते गाऊन. आणि संघटना तर खरंच बघण्यासारखी. बाराएक सभासदांचा एक क्लास, त्याला एक लीडर, तो आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करणार आणि खुशाली विचारणार. हे लीडर म्हणजे विणकर, चांभार, दुकानदार. रविवारी प्रवचन देणारे बरेचसे स्थानिक उपदेशकही बिनपगारी, पोटापाण्याचा धंदा सांभाळून बोलणारे. मला हे ओपन सोर्स प्रोजेक्टसारखं वाटतं. काम हजारो काँट्रिब्यूटर करतात.

पण मर्ज करायचे हक्क कोणाकडे? १७८४ मध्ये जॉन वेस्लीने कायदेशीर दस्त करून शंभर उपदेशकांची नावं लिहिली आणि ही मंडळी म्हणजे कॉन्फरन्स असं ठरवलं. सगळे पूर्णवेळ पाद्री. विणकर-चांभार लीडरांपैकी तिथे एकही नाही.

वाद्यांबद्दलचे नियम याच कॉन्फरन्सने केले. १८०५ मध्ये ठरलं की गाणाऱ्यांच्या साथीला गरज पडली तर बास व्हायोल चालेल, बाकी काही नको. १८०८ मध्ये ऑर्गनला साफ मनाई. १८२० मध्ये जरा सैल सोडलं: मोठ्या चॅपलमध्ये ऑर्गन चालेल, पण अर्ज आधी डिस्ट्रिक्ट मीटिंगकडे जाईल, तिची संमती मिळाली की मग कॉन्फरन्सकडे. दोन अप्रूव्हल.

१८२५ मध्ये ब्रन्सविक चॅपल उघडलं. बसायला अडीच हजारांच्या आसपास जागा. इमारत आणि तिचं कर्ज विश्वस्तांच्या नावावर. हे विश्वस्त पैसेवाले, आणि चांगल्या बाकांचं भाडं भरणारी मंडळीही तशीच. त्यांना ऑर्गन हवा होता. लीडरांना आणि स्थानिक उपदेशकांना नको होता. त्यांचं म्हणणं असं की आम्ही स्वतः गातो म्हणून आम्ही मेथडिस्ट, वाद्याने गाणं आमच्या तोंडून काढून घेतलं तर आमच्यात आणि सरकारी चर्चमध्ये फरक काय उरला? आणि काळही बघा. डिसेंबर १८२५ मध्ये इंग्लंडमध्ये बँका कोसळल्या, पाठोपाठ मंदी आली. लीड्स हे कापडाचं शहर, म्हणजे विणकरांच्या घरात चूल पेटायची मारामार. अशा वेळी ऑर्गन घ्यायचा?

१८२६ मध्ये विश्वस्तांनी अर्ज केला. डिस्ट्रिक्ट मीटिंगने तो फेटाळला. नियमाप्रमाणे विषय इथे संपायला हवा होता. विश्वस्त थेट लिव्हरपूलला भरलेल्या कॉन्फरन्सकडे गेले आणि कॉन्फरन्सने मंजुरी दिली. रिव्ह्यूअरने पुल रिक्वेस्ट नाकारली आणि अॅडमिनने ती तशीच मर्ज केली. विरोधकांनी विचारलं, तुमच्याच नियमाचं काय? उत्तर साधारण असं होतं की नियम आमचा, त्याचा अर्थही आम्हीच लावणार.

या सगळ्यामागे जबेझ बंटिंग हे नाव सतत येतं. मँचेस्टरच्या एका शिंप्याचा मुलगा, चार वेळा कॉन्फरन्सचा अध्यक्ष, जबरदस्त कामाचा माणूस. मेथडिझमला पापाइतकाच लोकशाहीचाही तिटकारा आहे, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. यावरून अंदाज आला असेल.

१८२७ मध्ये ऑर्गन बसला. मॅथ्यू जॉन्सन नावाच्या स्थानिक उपदेशकाने परवानगी न घेता उपदेशकांची सभा बोलावली, म्हणून त्याला निलंबित केलं. इतर उपदेशक त्याच्या बाजूने उभे राहिले. त्या डिसेंबरमध्ये लीड्सला खास डिस्ट्रिक्ट मीटिंग भरली, बंटिंग तिथे सल्लागार म्हणून हजर. सभासदाला काढायचं तर स्थानिक लीडर्स मीटिंगला विचारायचं, हा विरोधकांच्या मते त्यांचा हक्क होता. तो बाजूला ठेवून माणसं काढली गेली. मग बाकीचे आपणहून निघाले. त्यांचा एक पुढारी जेम्स सिग्स्टन, पेशाने शाळामास्तर. १८२८ मध्ये त्यांनी नवा पंथ काढला आणि नाव ठेवलं प्रोटेस्टंट मेथडिस्ट. आम्ही प्रोटेस्ट केला, म्हणून प्रोटेस्टंट.

माझं मत विचाराल तर ऑर्गनच्या मुद्द्यावर विश्वस्त बरोबर होते. अडीच हजारांच्या हॉलला तो लागतोच. पण डिस्ट्रिक्टचा नकार ओलांडून मंजुरी देणं हा उघड दगा होता. माणसं हरण्याने दुखावत नाहीत एवढी, सामन्याच्या मधेच नियम बदलल्याने दुखावतात. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला एकदा तरी बसलेल्या कोणालाही हे पटेल.

कॉन्फरन्सने यातून काही धडा घेतला का? नाही. १८३५ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल वॉरनच्या खटल्यात कोर्टाने कॉन्फरन्सचाच अधिकार मान्य केला. वॉरनच्या लोकांनी आणखी एक पंथ काढला, आणि १८३६ मध्ये लीड्सचे प्रोटेस्टंट मेथडिस्ट त्यात सामील झाले. १८४९ मध्ये कॉन्फरन्सने तीन टीकाकार पाद्र्यांना काढलं. यावेळी पुढच्या काही वर्षांत बाहेर पडलेल्यांचा आकडा लाखाच्या घरात गेला. १८५७ मध्ये या बाहेरच्यांपैकी बरेच जण एकत्र येऊन युनायटेड मेथडिस्ट फ्री चर्चेस बनले. गंमत म्हणजे व्हिक्टोरियन काळ संपेपर्यंत या फुटून निघालेल्यांच्या चॅपलमध्येही पाईप ऑर्गन बसले होते, आणि त्यावरून कोणी घर सोडून गेलं नाही.

सप्टेंबर १९३२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ब्रिटनमधले मेथडिस्टांचे तीन मोठे पंथ एक झाले. त्यात ब्रन्सविकमधून बाहेर पडलेल्यांचे वारसही होते आणि त्यांना बाहेर काढणाऱ्यांचेही. फोर्क परत मर्ज व्हायला १०५ वर्षं लागली. नव्या रचनेत कॉन्फरन्समध्ये पाद्र्यांच्या बरोबरीने साधे सभासदही बसत होते.

अल्बर्ट हॉलमध्ये, अर्थातच, भलामोठा पाईप ऑर्गन आहे. हेडफोन असतील तर त्याचं एखादं रेकॉर्डिंग लावून बघा. फोनच्या स्पीकरवर नको, बत्तीस फुटी नळीचा १६ हर्ट्झचा स्वर त्यातून येतच नाही.