तीन घराणी, एक कान : २०१३ सालचे निवडक अल्बम

मेटल, ॲम्बिएंट आणि इंडी ही पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातली तीन घराणी एकमेकांकडे फारशी जात-येत नाहीत. मेटलचा श्रोता ॲम्बिएंटला झोपेचे संगीत म्हणतो, ॲम्बिएंटच्या श्रोत्याला मेटल म्हणजे निव्वळ कल्ला वाटतो, आणि इंडीवाल्यांना दोघांकडेही गाण्यांची वाण दिसते. २०१३ साली मात्र तिन्हीकडून असे काही अल्बम आले की एकाच श्रोत्याने ते वर्षअखेरच्या आवडीच्या यादीत शेजारी शेजारी मांडावेत आणि त्यात ओढाताण वाटू नये. या अल्बमांमध्ये चालीइतकेच, कधी तिच्याहूनही अधिक महत्त्व ध्वनीच्या पोताला आहे. गिटारची भिंत, टेपची खरखर, एकच स्वर धरून ठेवणे या गोष्टी तिथे सजावट म्हणून येत नाहीत, गाणे त्यांच्यावरच उभे राहते.

वर्षअखेरच्या यादीची प्रथा समीक्षकांनी रुजवली. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाची ‘पॅझ अँड जॉप’ ही पाहणी १९७१ मध्ये एकदा आणि १९७४ पासून दरवर्षी होत असे. समीक्षकाने दहा अल्बम निवडून त्यांच्यात शंभर गुण वाटायचे, अशी तिची रीत. २०१३ मध्ये तिथे पहिला आला तो कान्ये वेस्टचा ‘यीझस’. शेकडो मतांची बेरीज झाली की कोणाच्याही फारशा डोळ्यावर न येणारे अल्बम वर सरकतात. एकट्या श्रोत्याच्या यादीला ती सक्ती नसते. तिच्यात एका कानाची ओढ दिसते, आणि तिचे मोल तेवढ्यासाठीच.

मेटलपासून सुरुवात करायची तर बर्मिंगहॅमला जावे लागते. पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक झालेला टोनी आयॉमी हा डावखुरा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, वर चामडे चिकटवले, आणि दुखू नये म्हणून गिटारच्या तारा हलक्या घेतल्या. पुढे त्या खालच्या स्वरात उतरवल्या. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या दशकातल्या त्या जड, काळ्या आवाजामागे हा अपघातही आहे. जून २०१३ मध्ये याच बँडचा ‘१३’ आला. आयॉमीवर तेव्हा कर्करोगाचे उपचार चालू होते. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. यापूर्वी ते ‘पॅरनॉइड’ने १९७० मध्ये साधले होते. अमेरिकेत तर या बँडचा तो पहिलाच अव्वल क्रमांक. अल्बम चांगला आहे, थोर नाही. मूळ ड्रमर बिल वॉर्ड त्यात नाही आणि त्याच्या वाजवण्यातला झोकांड्या खाणारा डौलही नाही. रिक रुबिनच्या निर्मितीत सगळे जागच्या जागी आहे, जरा जास्तच.

पुनरागमनाचा खरा मान लिव्हरपूलच्या कार्कसला द्यावा लागतो. १९९६ च्या ‘स्वॉनसाँग’नंतर सतरा वर्षांनी त्यांनी ‘सर्जिकल स्टील’ काढला. जुना ड्रमर केन ओवेन १९९९ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावामुळे वादनाला मुकला होता. त्याच्या जागी तरुण डॅन वाइल्डिंग आला आणि ओवेनचा आवाज पार्श्वगायनात ठेवला गेला. बिल स्टीअरच्या गिटारमध्ये वेग आहे, पण प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या गॉरगट्सने बारा वर्षांनी काढलेला ‘कलर्ड सँड्स’ त्याच्या उलट्या टोकाचा. त्याचा विषय तिबेट. बेसूर वाटणाऱ्या स्वरजोड्यांनी रचलेल्या या डेथ मेटलच्या मधोमध ‘द बॅटल ऑफ चामडो’ ही फक्त तंतुवाद्यांची रचना येते, आणि ती ऐकल्यावर आधीच्या गोंगाटातली शिस्त लक्षात येते.

तरीही वर्षाचा मेटल अल्बम एकच, ‘सनबेदर’. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवन या बँडचा हा दुसरा अल्बम जूनमध्ये ‘डेथविश’ या छोट्या कंपनीने काढला. गायक जॉर्ज क्लार्क, गिटारवादक केरी मॅकॉय आणि ड्रमर डॅनियल ट्रेसी ही त्याची मुख्य मंडळी. ध्वनिमुद्रण जॅक शर्लीचे. या संगीताचे मूळ नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमध्ये आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या तरुणांनी मुद्दाम पातळ, बोचरे, स्वस्तात मुद्रित केलेले संगीत उभे केले. चर्च जाळण्याच्या घटना आणि १९९३ मधला एक खून यांमुळे त्याचे नाव जगभर गाजले, तेही संगीताबाहेरच्या कारणांनी. तंत्र मात्र पक्के होते. गिटारच्या एकाच तारेवर अतिवेगाने, न थांबता पिक वर-खाली चालवायचे. खाली ड्रमवर त्याच वेगाचे ‘ब्लास्ट बीट’. आणि वर शब्द ओळखू न येणारी किंचाळी. हे तिन्ही एका मर्यादेपलीकडे वेगवान झाले की वेग जाणवेनासा होतो आणि उरतो तो जवळजवळ स्थिर, थरथरणारा ध्वनी. ब्लॅक मेटल आणि ॲम्बिएंट यांची ओळख इथेच निघते.

डेफहेवनने हे तंत्र घेतले आणि स्वर बदलले. नॉर्वेच्या अंधाऱ्या स्वरजोड्यांच्या जागी उजळ, मेजर कॉर्ड आले. त्यामुळे क्लार्क जिवाच्या आकांताने किंचाळत असतो आणि त्याच्या मागचे संगीत चक्क आनंदी वाटते. मुखपृष्ठही गुलाबी. अल्बममागची प्रतिमा साधी आहे. श्रीमंत वस्तीतल्या हिरवळीवर ऊन खात पडलेली मुलगी, आणि ते आयुष्य आपल्या वाट्याला येणार नाही हे कळणारा बाहेरचा मुलगा. ब्लॅक मेटलमध्ये सैतान, हिवाळा आणि जंगले चालतात; घरभाड्याच्या जगातला मत्सर तोवर फारसा कोणी आणला नव्हता. कट्टर मंडळी अर्थातच भडकली. कापलेले केस आणि साधे कपडे हेदेखील आरोपपत्रात होते.

सुमारे तासाभराच्या या अल्बमात नऊ ते पंधरा मिनिटांची चार लांब गाणी आहेत आणि त्यांच्यामध्ये तीन छोटे तुकडे. घाईत ऐकणारे हे तुकडे ओलांडून पुढे जातात, आणि चुकतात. ‘इर्रेझिस्टिबल’मध्ये केवळ गिटार आणि पियानो आहे. ‘प्लीज रिमेंबर’मध्ये फ्रेंच बँड अल्सेस्टचा नेज मिलान कुंदेराच्या कादंबरीतला उतारा वाचतो, आवाज गोंगाटात बुडतो आणि मग साध्या गिटारवर सुटका होते. ‘विंडोज’मध्ये रस्त्यावरचा धर्मोपदेशक आणि अमली पदार्थांचा व्यवहार एकावर एक ऐकू येतात. हे तुकडे काढले तर लांब गाण्यांचा भार कानाला झेपणार नाही. ‘ड्रीम हाउस’ या पहिल्याच गाण्याच्या शेवटी सगळे वादक एका चढत्या चालीवर एकत्र येतात. तिथे ज्याला काही झाले नाही, त्याने हा अल्बम सोडून द्यायला हरकत नाही.

‘सनबेदर’मधली गिटारची धूसर भिंत नॉर्वेची नाही. ती माय ब्लडी व्हॅलेंटाइन या डब्लिनमध्ये सुरू झालेल्या बँडकडून येते. केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा सतत हातात धरून कॉर्ड वाजवतो; स्वर किंचित वर-खाली डुलत राहतो आणि गाणे पाण्याखालून आल्यासारखे लागते. १९९१ च्या ‘लव्हलेस’नंतर या बँडचा नवा अल्बम येण्याची आशा बहुतेकांनी सोडली होती. २ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री ‘एम बी व्ही’ त्यांनी स्वतःच्याच संकेतस्थळावर आणला आणि गर्दीने ते संकेतस्थळ कोसळले. नऊ गाण्यांचा हा अल्बम तीन-तीनच्या गटांनी चालतो. पहिली तीन जुन्या ओळखीची, मधली की-बोर्डवर तरंगणारी, आणि शेवटची तीन अशी की जणू दुसराच बँड वाजवतो आहे. ‘नथिंग इज’मध्ये एकच तुकडा साडेतीन मिनिटे जोर वाढवत फिरतो. ‘वंडर २’मध्ये तर विमान डोक्यावरून जावे तसा गडगडाट आहे आणि त्याच्या खाली कुठेतरी एक नाजूक गाणे चालू आहे. इंडी, मेटल आणि ॲम्बिएंट यांचे नाते एकाच अल्बममध्ये दाखवायचे झाले तर हा पुरे.

ॲम्बिएंट या नावाला रूढ केले ब्रायन ईनोने, १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मधून. लक्ष दिले तरी चालेल, न दिले तरी चालेल असे संगीत, ही त्याची कल्पना. पण एकाच स्वरावर तासन्‌तास राहण्याची ओढ त्याआधीची, आणि तिचा एक धागा थेट हिंदुस्तानी संगीताकडे जातो. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीतले. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे हे घराणे महाराष्ट्राच्या कानात मुरलेले आहे. तानपुऱ्याच्या षड्जात बसून राहण्याची सवय ज्याला आहे, त्याला ॲम्बिएंट ‘समजून’ घेण्याची तितकीशी गरज पडत नाही.

२०१३ चा सर्वांत अस्वस्थ ॲम्बिएंट अल्बम कॅनडाच्या टिम हेकरचा ‘व्हर्जिन्स’. हेकरने २०११ चा ‘रेव्हडेथ, १९७२’ आइसलंडमधल्या रेक्याविकच्या एका चर्चमधल्या ऑर्गनवर एका दिवसात मुद्रित केला होता आणि मग तो ध्वनी संगणकावर झिजवला होता. ‘व्हर्जिन्स’मध्ये त्याने प्रत्यक्ष वादक घेतले. पियानो, सुषिर वाद्ये, तारांचे कीबोर्ड यांचे आवाज आधी स्पष्ट येतात आणि मग तुटत, एकमेकांवर चढत जातात. मुखपृष्ठावर बुरखा घातलेली उभी आकृती आहे. अबू घरैब तुरुंगातल्या छळाच्या छायाचित्राची आठवण व्हावी अशी. एका तुकड्याच्या नावातच तो तुरुंग आहे. विश्रांतीसाठी ॲम्बिएंट ऐकणाऱ्याने इथे सावध राहावे. सुंदर ध्वनी आणि क्रौर्य एकाच खोलीत असू शकतात, हे हा अल्बम एकही शब्द न उच्चारता मांडतो.

लिझ हॅरिस ‘ग्रूपर’ या नावाने संगीत करते. तिचा ‘द मॅन हू डाइड इन हिज बोट’ त्याच वर्षी ‘क्रँकी’ या शिकागोच्या कंपनीने काढला. हेकरचा अल्बमही याच कंपनीचा. हॅरिसची गाणी खरे तर २००८ च्या आसपासची. लहानपणी वडिलांबरोबर समुद्रकिनाऱ्यावर पाहिलेली मालक नसलेली नौका हे नावाचे मूळ. एक गिटार, एक आवाज आणि टेपची खरखर एवढेच साहित्य. शब्द कळत नाहीत, आणि कळले असते तर गाणी लहान झाली असती. स्कॉटलंडच्या बोर्ड्स ऑफ कॅनडा या भावांच्या जोडीचा ‘टुमॉरोज हार्वेस्ट’ आठ वर्षांनी आला. त्याआधी सहा आकड्यांचे सांकेतिक क्रमांक एका रेकॉर्डवर, रेडिओवर, दूरचित्रवाणीवर विखरून ठेवून चाहत्यांना कोडे घालण्यात आले. कोडे मजेदार होते. अल्बम त्याहून काळा, जुन्या विज्ञानचित्रपटांच्या संगीतासारखा कोरडा. मध्ये तो काहीसा रेंगाळतो.

इंडी म्हणजे मुळात स्वतंत्र छोट्या कंपन्यांनी काढलेले संगीत. ब्रिटनमध्ये १९८० च्या जानेवारीपासून अशा रेकॉर्डांची वेगळी क्रमवारी छापली जाऊ लागली. पुढे व्यवहाराचे हे नाव शैलीला चिकटले. २०१३ मध्ये व्हँपायर वीकेंडचा ‘मॉडर्न व्हँपायर्स ऑफ द सिटी’ अमेरिकी क्रमवारीत थेट पहिला आला, तरी त्याची कंपनी ‘एक्सएल’ स्वतंत्रच होती. मुखपृष्ठावर १९६६ सालच्या धुरक्याने झाकलेल्या न्यूयॉर्कचे छायाचित्र आहे. आधीच्या दोन अल्बमांतली आफ्रिकी गिटारची लगबग इथे कमी झाली, ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड पुढे आले, विषय मृत्यू आणि देव. ‘हॅना हंट’ हे गाणे अडीचेक मिनिटे कुजबुजत राहते आणि मग एकदम उघडते. वर्षातल्या उत्तम क्षणांपैकी तो एक.

द नॅशनल या बँडचा ‘ट्रबल विल फाइंड मी’ यादीत जरा खाली बसतो, कारण त्याची गाणी एकमेकांसारखी आहेत. पण मे २०१३ मध्ये याच बँडने न्यूयॉर्कमध्ये एक विलक्षण गोष्ट केली. आइसलंडचा कलावंत राग्नार क्यार्टानसन याच्या कल्पनेनुसार त्यांनी ‘सॉरो’ हे आपले एकच जुने गाणे सहा तास, १०५ वेळा वाजवले. त्यानंतरच्या महिन्यात मिनिॲपोलिसच्या एका मोठ्या मैफलीत लो या बँडने नव्या ‘द इन्व्हिजिबल वे’मधले काहीच न वाजवता ‘डू यू नो हाऊ टू वॉल्ट्झ?’ हे एकच जुने गाणे सुमारे सत्तावीस मिनिटे ताणले. काही प्रेक्षक चिडले, काही हरखले. इंडी बँडांनी ॲम्बिएंटचा मार्ग असा उघड उघड धरला होता. ‘द इन्व्हिजिबल वे’ हा अल्बम मात्र पियानो आणि दोन आवाजांवर शांतपणे उभा आहे, आणि पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी या वर्षात त्याच्याइतका टिकाऊ दुसरा नाही.

भारतातल्या श्रोत्याला तेव्हा हे सगळे मिळवणे आजच्यासारखे सोपे नव्हते. ॲपलचे आयट्यून्स दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये उघडले होते. स्पॉटिफाय यायला २०१९ उजाडले. मुंबईच्या काळा घोड्याचे ‘रिदम हाउस’ अजून चालू होते, ते २०१६ मध्ये बंद झाले. छोट्या कंपन्यांच्या अल्बमांसाठी बँडकॅम्पसारखी संकेतस्थळे हाच बहुतेकांचा आधार.

अशा याद्यांची एक अडचण कॅलेंडरची. नियतकालिके त्या डिसेंबर उजाडता उजाडताच छापतात. २०१३ मध्ये १३ डिसेंबरला बियॉन्सेने कसलीही पूर्वसूचना न देता आपला नवा अल्बम आणला, तेव्हा बऱ्याच याद्या छापून झाल्या होत्या आणि वर्षातल्या सर्वाधिक चर्चेच्या अल्बमला त्यांच्यात जागाच उरली नव्हती. मेटल, ॲम्बिएंट आणि इंडीच्या या यादीला त्याचा फटका बसत नाही. तिच्यातला शेवटचा अल्बम, ‘व्हर्जिन्स’, ऑक्टोबरमध्येच आला होता.