रंगाचा रकाना नसलेल्या वह्या

लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. जाडजूड वही फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर अलगद उघडायची, पान मिटू नये म्हणून त्यावर वजनाची माळ ठेवायची आणि रकाने वाचत जायचं. परिचारिकांचं सरकारी रजिस्टर 1921 मध्ये सुरू झालं. त्यात नोंदणी क्रमांक आहे, नाव-पत्ता आहे, शिक्षण कुठे झालं तेही आहे. ती बाई काळी की गोरी, हे मात्र कुठेच नाही. जनगणनेतसुद्धा ब्रिटनने वंश विचारला तो थेट 1991 मध्ये.

त्यामुळे 1948 मध्ये कॅरिबियनमधून स्थलांतरितांना घेऊन ‘विंडरश’ जहाज आलं आणि तिथून काळ्या परिचारिकांचा इतिहास सुरू झाला, असं सर्रास धरलं जातं. हे खोडायचं तर आडवाटेनेच जावं लागतं. जुन्या जनगणनेत जन्मस्थान मिळतं. पण जमैकात गोऱ्या मळेवाल्यांच्या मुलीही जन्मल्या होत्या आणि कार्डिफच्या गोदीशेजारी जन्मलेली काळी मुलगी या चाळणीतून सहज निसटते. कॅरिबियन नावांवरून काही कळत नाही, ती ब्राउन आणि विल्यम्सच असतात. म्हणून रुग्णालयांची दप्तरं, मेट्रनची पत्रं, वॉर्डातले फोटो एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. सेंट व्हिन्सेंट बेटावर जन्मलेल्या ॲनी ब्रूस्टर अशाच सापडतात. 1881 मध्ये त्या लंडन हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या, पुढे डोळ्यांच्या वॉर्डांची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि 1902 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या. ‘विंडरश’च्या कितीतरी आधी!

सर्वांत मोठं खिंडार मधल्या काळात आहे. इंग्लंड-वेल्सच्या 1931 च्या जनगणनेचे कागद 1942 मध्ये जळाले, 1941 ची झालीच नाही. उरतं ते सप्टेंबर 1939 चं युद्धकालीन रजिस्टर. त्यात जन्मस्थान नाही, पण जन्मतारीख आणि व्यवसाय आहे. पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेने हेच रजिस्टर वापरलं, म्हणून कित्येक बायकांच्या माहेरच्या आडनावावर नंतर कुणीतरी सासरचं आडनाव लिहिलेलं दिसतं. लग्नानंतर हरवलेली बाई त्या एका खाडाखोडीमुळे पुन्हा हाती लागते.

खिंडारं फक्त वह्यांतच नाहीत. नायजेरियातल्या अबेओकुटाच्या राजाची मुलगी अडेनरेले अडेमोला लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये शिकली. युद्धकाळात तिच्यावर ‘नर्स अडेमोला’ नावाचा प्रचारपटही काढला गेला. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. सरकारने स्वतः काढलेला, वसाहतींमध्ये दाखवलेला सिनेमा असा नाहीसा व्हावा, याचा मला राग येतो.

आणि तरीही रजिस्टरवर नाव असलेल्या बायकांचं नशीब बरंच म्हणायचं. 1943 च्या कायद्याने सहायक परिचारिकांचा वेगळा ‘रोल’, म्हणजे रजिस्टरहून दुय्यम यादी, निघाला. कॅरिबियनमधून आलेल्या अनेक मुलींना, पात्रता असूनही, रजिस्टरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाऐवजी रोलच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसवलं गेलं. मायदेशी या दोन वर्षांच्या शिक्षणाला फारशी किंमत नव्हती, हे अनेकींना नंतर कळलं. नुसतं रजिस्टर चाळणाऱ्याला यांतली एकही बाई भेटत नाही. पन्नासच्या दशकात आलेल्या या बायका आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करणं वह्यांपेक्षा निकडीचं आहे. वह्यांकडे वळते तेव्हा मी सुरुवात रोलपासून करते.