दोन भाषांचे वाचन आणि रेडिओचा वर्ग

पहिल्या कम्युनियनच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांच्या वह्या पाहताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. मराठीतील प्रभूची प्रार्थना अनेक मुलांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेली असते. ही मुले घरी सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलतात, चर्चमध्ये मराठी ऐकतात आणि शाळेत इंग्रजी वाचतात. तीन भाषा कानांवर पडूनही एकीचेही वाचन पक्के झालेले नाही, अशी खंत पालक आमच्याजवळ व्यक्त करतात. या संदर्भात दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे या कॅथलिकबहुल देशाचा अनुभव उद्बोधक आहे.

पॅराग्वेत स्पॅनिश व ग्वारानी या दोन्ही भाषांना 1992 च्या राज्यघटनेने राजभाषेचा दर्जा दिला. शालेय शिक्षणाचा आरंभ मुलाच्या मातृभाषेतून व्हावा, असेही तीच घटना सांगते. प्रत्यक्षात मात्र खेड्यातील मूल ग्वारानी बोलत शाळेत येते आणि तेथे त्याची गाठ स्पॅनिश पुस्तकांशी पडते. अशा बालवर्गांसाठी 2011 मध्ये कोर्दियेरा प्रांतात ‘टिकिचुएला’ ही ध्वनिमुद्रित पाठमाला सुरू झाली. विषय गणिताचा होता, पण पाठ दोन्ही भाषांत होते. पुढे झालेल्या मूल्यमापनात ग्वारानी व स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची सारखीच प्रगती आढळली. ज्यांच्या शिक्षकांना बालशिक्षणाचे औपचारिक प्रशिक्षण नव्हते, ती मुलेही इतरांच्या अधिक जवळ आली. मुलींपेक्षा मुलांना मात्र अधिक लाभ झाला, ही उणीवही त्यात नोंदविली गेली.

रेडिओद्वारे शिकविण्याची कल्पना ख्रिस्तसभेला नवीन नाही. 1947 साली कोलंबियातील सुतातेन्सा या डोंगरी गावात फादर होसे होआकीन साल्सेदो यांनी लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि त्यातून शेतकऱ्यांसाठी साक्षरतेची चळवळ उभी राहिली. गावकरी रेडिओभोवती जमत आणि त्यांच्यापैकीच एक जण फळ्यावर अक्षरे दाखवून मदत करी. 1974 मध्ये निकाराग्वात प्राथमिक गणितासाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून आणखी एक पद्धत विकसित झाली. तिला संवादात्मक रेडिओ-शिक्षण म्हणतात. तीत रेडिओवरील पात्र प्रश्न विचारते आणि काही क्षण थांबते. त्या अवकाशात सारा वर्ग मोठ्याने उत्तर देतो, त्यानंतर रेडिओ योग्य उत्तर सांगतो. अधूनमधून गाणे असते, टाळ्या असतात, उठून करावयाची कृती असते. त्यामुळे मूल केवळ श्रोता राहत नाही.

पण जे दिसत नाही, ते वाचायला रेडिओ कसे शिकविणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की वाचनाचे अर्धे काम कानांचे असते. ‘कमळ’ हा शब्द ‘क’ या ध्वनीने सुरू होतो आणि ‘काका’ हाही त्याच ध्वनीने, हे कानांना उमगल्याशिवाय ‘क’ हे अक्षर म्हणजे केवळ एक आकृती असते. ध्वनी ओळखणे, सारखे शब्द जुळविणे, शब्दाचे तुकडे पाडणे, हे सारे रेडिओ उत्तम रीतीने करवून घेऊ शकतो. उरलेले काम डोळ्यांचे. त्यासाठी भिंतीवर तक्ता हवा, हाती अक्षरपत्रे हवीत आणि नेमक्या क्षणी अक्षरावर बोट ठेवणारे मोठे माणूस हवे.

दोन भाषांच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा असतो. ध्वनीला चिन्ह असते, हा शोध मुलाला एकदाच लागावा लागतो आणि ज्या भाषेचे शब्द त्याला आधीच ठाऊक आहेत, त्या भाषेत तो सहज लागतो. दुसऱ्या भाषेत मग शब्द आणि नियमच तेवढे नवे असतात. स्पॅनिश व ग्वारानी यांची लिपी एकच, रोमन आहे. आपल्या मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागतात. देवनागरीत ‘क’ बहुधा ‘क’च राहतो. इंग्रजीतील ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ होते आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. मराठी वाचनाचा पाया झाला, तर हा घोटाळा मुलाला पेलणे सोपे जाते.

आपल्याकडेही या माध्यमाचा उपयोग झाला आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने प्रादेशिक भाषांतील शाळांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही ध्वनिपाठमाला तयार केली. 2020 च्या कोरोनाकाळात शाळा बंद असताना आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम घरोघरी पोहोचला. तरीही रेडिओच्या मर्यादा विसरून चालणार नाही. तो मुलाची चूक ऐकू शकत नाही, मागे राहिलेल्यासाठी थांबत नाही. शिक्षकाला तो साहाय्य करतो, त्याची जागा घेत नाही.

ख्रिस्ती परंपरेत भाषेचा हा आदर जुना आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये राशोल येथे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी माद्रिदमध्ये पॅराग्वेतील येशूसंघीय फादर आंतोनिओ रुईझ दे मोंतोया यांचे ग्वारानी व्याकरण छापले गेले. दोन खंडांतील या दोन धर्मगुरूंनी लोकांची भाषा आधी कानांनी शिकून घेतली. ‘ख्रिस्तपुराण’ही रोमन लिपीतच छापावे लागले होते, कारण तेथे देशी लिपीचे खिळे नव्हते. तेव्हा ती लाचारी होती. आज आपल्या हाती देवनागरी असताना मुलांच्या वह्यांत तीच लाचारी का राहावी?

धर्मग्रामांना हे काम अशक्य नाही. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी दहा-पंधरा मिनिटांचे पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत, बोलीतील गोष्टीपासून आरंभ करून मराठी शब्दांकडे यावे आणि सोबत अक्षरांचा तक्ता घरोघरी द्यावा. आजी-आजोबांनी नातवंडांजवळ बसून अक्षरावर बोट ठेवावे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकू आली, हे आपण दरवर्षी ऐकतो. आज मिस्सामध्ये शास्त्रवाचन करणारी पिढी वयस्क होत आहे. तिच्यामागून वेदीजवळ उभे राहून मराठीत वाचणारे कोणी असेल की नाही, हे आपण आज आपल्या मुलांजवळ किती वेळ बसतो, यावर अवलंबून आहे.