आकडे दिसले म्हणजे नंबर होत नाही: पिनकोड, मोबाइल आणि बँक खातं डेटाबेसमध्ये कसं ठेवायचं

आजचा विषय छोटा आहे, पण चुकला तर कुणाचे तरी पैसे अडकतात. टेबल बनवताना प्रत्येक कॉलमला टाइप द्यावा लागतो. मग पिनकोड, मोबाइल, खाते क्रमांक हे नंबर म्हणून ठेवायचे की टेक्स्ट म्हणून?

समजा, तुम्ही वांद्र्यातल्या एखाद्या क्लाससाठी विद्यार्थ्यांचं टेबल बनवताय. वांद्रे पश्चिमचा पिनकोड ४०००५०, पूर्वेचा ४०००५१. सगळे आकडेच, म्हणून हात आपोआप ‘इंट’कडे जातो. थांबा. या दोघांची सरासरी काढा: ४०००५०.५. हे पोस्ट ऑफिस कुठे आहे? रुळांच्या मधोमध?

हीच आपली पहिली कसोटी. बेरीज, वजाबाकी, सरासरी करून काही अर्थ निघतो का? निघत असेल तर नंबर. नसेल तर ती ओळख आहे, आणि ओळख टेक्स्टमध्ये ठेवायची.

पिनकोड मुळात काय आहे?

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवीसुद्धा. त्यांच्या रचनेत प्रत्येक जागेला अर्थ आहे. पहिला आकडा विभागाचा. ४ मध्ये महाराष्ट्र आणि गोवाही येतात. पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. म्हणजे हा सहा अक्षरांचा पत्ताच झाला. ‘४००ने सुरू होणारे सगळे द्या’ हा प्रश्न टेक्स्टला सरळ विचारता येतो.

शून्य कुठे जातं?

भारतातला पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून चूक लपून राहते. पण तुमची मावशी न्यू जर्सीत एडिसनला राहत असेल, तर तिचा झिपकोड ०८८१७ असू शकतो. नंबर कॉलममध्ये तो ८८१७ होतो. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ घ्या, उरतो २२. डेटाबेसच्या दृष्टीने ०२२ आणि २२ ही एकच संख्या. त्याचं काही चुकत नाही, टाइप आपण चुकीचा दिलेला असतो.

खरा फटका बँक खात्यात बसतो. काही बँकांचे खाते क्रमांक शून्यांनी सुरू होतात. ते शून्य गेले की स्टायपेंड अडकतो. बरं, नंतर शून्य परत लावू म्हणाल, तर किती लावणार? झिपकोड नेहमी पाच आकडी, तिथे जमतं. खाते क्रमांकाची लांबी बँकेनुसार बदलते, तिथे अंदाज करायचा नसतो. मूळ फॉर्म किंवा पासबुक पाहूनच दुरुस्त करा.

एक्सेलमधून डेटा आणत असाल तर अजून जपा. एक्सेल संख्येचे १५ आकडेच नीट धरतं. १६ आकडी क्रमांक टाकला की शेवटचा आकडा ० होतो. म्हणून पेस्ट करण्याआधी कॉलम ‘टेक्स्ट’ करा.

मोबाइल नंबरची गंमत

मायएसक्यूएलच्या साध्या ‘इंट’ची कमाल मर्यादा २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारे. म्हणजे एकही बसत नाही! ‘बिगइंट’मध्ये बसेल, पण मग +९१ मधलं अधिकचं चिन्ह कुठे ठेवाल? सरळ ‘व्हारचार’ घ्या.

आणि शोधताना मोबाइल नंबर अवतरणचिन्हात लिहा. मायएसक्यूएलमध्ये टेक्स्ट कॉलमची तुलना उघड्या नंबरशी केली, तर इंडेक्स वापरला जात नाही आणि मोठ्या टेबलात शोध रेंगाळतो.

मग नंबर कधी?

फी, मार्क, वय, वह्यांची संख्या: इथे हिशेब होतो, इथे नंबरच. हे टेक्स्टमध्ये ठेवलं तर क्रम बिघडतो. १० हे २ च्या आधी येतं, कारण तुलना अक्षराअक्षराने होते. पैशांसाठी ‘डेसिमल’ घ्या, ‘फ्लोट’ नको. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोब्बर ०.३ येत नाही. जन्मतारखेला तारखेचा वेगळा टाइप आहे, तोच वापरा.

डेटाबेस स्वतः वाढवत नेतो तो आयडी मात्र नंबर असला तरी चालतो. तो त्यानेच बनवलेला, त्यात पुढचं शून्य नसतंच.

टेक्स्टचा एक तोटा सांगायलाच हवा: पिनकोडच्या जागी कुणी ‘वांद्रे’ लिहिलं तरी तो मुकाट घेतो. म्हणून सोबत तपासणी लावा: बरोबर सहा आकडे, पहिला शून्य नाही.

आज घरी गेल्यावर तुमच्या प्रोजेक्टचं एक टेबल उघडा आणि प्रत्येक नंबर कॉलमला एकच प्रश्न विचारा: तुझी बेरीज करू का? उत्तर ‘नाही’ आलं तर टाइप बदला, डेटा भरायच्या आधीच. भेटू पुढच्या भागात!