हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण

व्हिएन्नातील एका प्रसूतिकक्षात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. उपचार घेताना रुग्णालयातच जडणारा असा संसर्ग, म्हणजे रुग्णालयजन्य संसर्ग, रोखण्यासाठी डॉक्टर व परिचारिकांना आज जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले हस्तस्वच्छतेचे पाच क्षण शिकवले जातात: रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्काचा संभव निर्माण झाल्यानंतर, रुग्णास स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तू हाताळल्यानंतर. एरवी अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद चोळणे पुरेसे असले, तरी काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचबद्ध सुप्त रूपे, अल्कोहोलला दाद देत नसल्याने तेथे साबण-पाणीच वापरावे लागते. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे.